लागला असेल, नसेलही

आमच्या घरी मला संशयी म्हणतात. भाजीवाल्याने काटा उचलला की मी भाजीकडे बघत नाही, त्याच्या करंगळीकडे बघते. मुलाने फोनवर "सगळं ठीक आहे" म्हटलं की सुनेला फोन द्यायला सांगते. हा स्वभाव मूळचा की धंद्याने लावलेला, हे आता सांगता यायचं नाही. मी मानसोपचाराचं काम केलं. म्हणजे गोळ्या लिहून देणारी डॉक्टर नव्हे, बोलून आणि सराव करून घेऊन बरं करणारी. आधी बरीच वर्षं धारवाडच्या सरकारी दवाखान्यात, नंतर हुबळीत देशपांडे नगरला स्वतःच्या दोन खोल्यांत. आमच्याकडे येणारा माणूस पहिल्या दिवशी खोटं बोलतो. लबाडीने नव्हे, लाजेने. त्यामुळे ऐकताना एक कान नेहमी बाजूला काढून ठेवावा लागतो.

माझ्या खोल्या वरच्या मजल्यावर होत्या आणि खाली दातांचा दवाखाना. गावात आम्हाला 'हुच्चर डॉक्टर' म्हणतात, म्हणजे वेड्यांचा डॉक्टर, तेव्हा माझ्याकडे येताना कुणी बघितलं तर काय, ही भीती सगळ्यांनाच. लोकांनी त्यावर उपाय शोधला. जिना चढताना ते गाल धरायचे. ओळखीचं कुणी भेटलं तर दाढ दुखतेय म्हणायला मोकळे. धारवाडचे एक नावाजलेले वकील तर दर खेपेला गालाला मफलर बांधून यायचे, भर एप्रिलमध्येसुद्धा. खालचे डॉक्टर मला म्हणायचे, "अक्का, हुबळीत माझं नाव झालंय ते तुमच्या पेशंटांमुळे."

संपादकांनी गमतीचे अनुभव लिहा म्हणून सांगितलं आहे. गमतीचं काय ते वाचणाऱ्याने बघावं. मी एकाच मुलीबद्दल लिहिते. तिचं आणि घरच्यांचं नाव बदललं आहे. ती आता मोठी झाली आहे, हा मजकूर तिने वाचला, चालेल म्हणाली आणि एका ठिकाणी दुरुस्ती केली. ती कुठली ते पुढे येईल.

आजाराविषयी आधी थोडं सांगायला हवं. आता सगळे त्याला ओसीडी म्हणतात, जुन्या मराठीत मंत्रचळ. लोकांना वाटतं, हा सारखे हात धुण्याचा रोग. तसं नाही. हा संशयाचा रोग आहे. धारवाडजवळ बेलूरच्या कारखान्यात जाणारा एक तरुण माझ्याकडे यायचा. रस्त्यात खड्ड्यावर मोटारसायकल आदळली की त्याला वाटायचं, आपण कुणाला धडक तर दिली नाही? तो वळून बघून यायचा. रस्ता रिकामा असायचा. पण परत फिरताना पुन्हा तोच खड्डा लागायचा आणि पुन्हा तोच प्रश्न. नोकरी जायची वेळ आली तेव्हा तो गाल धरून माझा जिना चढला. आजार तो एवढाच. मनात शंका येते, ती मिटवायला माणूस काहीतरी करतो, घटकाभर हायसं वाटतं, आणि मिटवल्यामुळेच ती शंका जास्त जोराने परत येते. उपचार म्हणजे शंका मिटवायची नाही. तिला बसू द्यायचं आणि आपण कामाला जायचं. ऐकायला सोपं वाटतं, करणाऱ्याचा जीव जातो.

तेजू माझ्याकडे आली तेव्हा पाचवीत होती. वडिलांचं दुर्गदबैलच्या बाजारात कापडाचं दुकान. घराणं मूळ मिरजेकडचं, पण पणजोबांपासून हुबळीत. वडिलांना बाजारात सुरेशअण्णा म्हणतात, तेजू अप्पा म्हणते. घरात आई सुनंदा आणि आज्जी.

आपल्यात कुणाला चुकून पाय लागला की वाकून त्याला हात लावतो आणि तो आपल्या छातीला किंवा डोळ्यांना लावतो. वहीपुस्तकाला लागला तरी तेच, धान्याला लागला तरी तेच. विचार करायच्या आत होऊन जातं. तेजूचं सुरुवातीला इतपतच होतं. मग पाय लागला नसला तरी लागला असेल असं तिला वाटायला लागलं. ती दप्तराला नमस्कार करायची, चटईला करायची, पलीकडून गेलेल्या मांजरीला गाठून करायची. आज्जी खूश. शेजारणींना सांगायची, आजकालच्या पोरींत एवढे संस्कार बघायला मिळतात का? पाहुणे आले की आपल्या मुलांना तेजूचं उदाहरण द्यायचे. मुलीला आजार जडत होता आणि घर तिचं कौतुक करत होतं. हे फक्त आपल्याकडेच होऊ शकतं.

शाळेत मात्र बाकांच्या मधे दप्तरं पसरलेली असतात. तेजूला दारापासून जागेवर पोचायला पहिला तास जाऊ लागला. घरी ती सारखी विचारायची, "आई, माझा पाय लागला?" आई म्हणायची, नाही गं. जरा वेळाने पुन्हा तोच प्रश्न. शेवटी आई ओरडायची, मग रडायची, मग पुन्हा म्हणायची, नाही गं बाळ, नाही लागला.

आणि तिचा खो-खो सुटला. तेजू शाळेच्या संघात होती, आणि पळायला वाऱ्यासारखी, असं तिच्या खेळाच्या बाई सांगायच्या. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एका संघाच्या मुली ओळीने बसतात, त्यांच्यातली एक पळून दुसऱ्या संघाला पकडत असते. दमली किंवा डाव पालटायचा असला की ती बसलेलीच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणते. ज्या मुलीला खो मिळाला ती उठून पळायला लागते आणि थाप मारणारी तिच्या जागी बसते. या गडबडीत पाय लागतातच. तेजू भर पळताना थांबून बसलेल्या मुलीच्या गुडघ्याला हात लावून नमस्कार करायची आणि समोरची निसटून जायची. मुली हसल्या. बाईंना वाटलं नाटकं करते, त्यांनी तिला संघातून काढलं. त्यानंतर ती शाळेतच जाईना. दसऱ्याच्या सुट्टीनंतरही ती वर्गात बसली नाही तर वर्ष गेलं म्हणून समजा, असं शाळेने कळवलं, तेव्हा ते माझ्याकडे आले.

आई सगळं सांगत होती. वडील खुर्चीच्या कडेला बसून गाडीची किल्ली बोटांत फिरवत होते. ज्या घरात आई बोलते आणि बाप गप्प असतो, तिथे माझी नजर बापावर असते. लहान मूल अचानक असं भ्यायला लागलं की कुणी मारलं का, धमकावलं का, नको तिथे हात लावला का, हे बघावंच लागतं. मी तेजूला एकटीला बसवून विचारलं. तसं काही नव्हतं. तुला काय पाहिजे विचारल्यावर म्हणाली, "खो-खोत परत घ्या म्हणून सांगा की बाईंना." एवढंच पाहिजे होतं तिला.

मग सगळ्यांना एकत्र बसवून मी आजार समजावला. शंका येते, नमस्कार केला की बरं वाटतं, असं मी म्हणाले आणि श्वास घ्यायला थांबले, तर वडिलांनी माझं वाक्य पुरं केलं. "पण जिना उतरेपर्यंतच." सुनंदाने चमकून नवऱ्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला. जिना कुठून आला या बोलण्यात, हे माझ्या मनात राहिलं.

ती मंडळी गेली आणि दोन मिनिटांत जिन्यावर पुन्हा पावलं वाजली. सुरेशअण्णा दारात. दार ढकलून बघितलं, ओढून बघितलं. "कडी नीट बसली का बघायला आलो, मॅडम." मी टेबलावरचे कागद पालथे घातले. मला वाटलं, मी काय लिहिते ते बघायला आला.

आमच्या उपचारात पायऱ्या असतात. सोप्या भीतीपासून अवघड भीतीकडे जायचं. तेजूने आधी चप्पल घालून वर्तमानपत्रावर उभं राहायचं, मग जुन्या वहीला पायाचं बोट लावायचं, मग पुस्तकाला. नमस्कार करायचा नाही. बसून राहायचं. भीती चढते, आता जीव जातो असं वाटतं, आणि काही न करताही ती उतरते. ते उतरणं मुलाच्या अंगाला कळावं लागतं, आपण सांगून उपयोग नाही. घरच्यांसाठी एकच नियम होता. तिने "पाय लागला?" विचारलं तर हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं: लागला असेल, नसेलही. सुनंदाने ते वाक्य माझ्यासमोर म्हणून बघितलं आणि तिला हुंदका आला. पोटच्या पोरीला एवढा साधा दिलासा द्यायचा नाही म्हणजे काय?

आज्जी स्वतः मला बघायला आल्या, गाल न धरता. चारही भिंती न्याहाळल्या. देवाचं चित्र नव्हतं, औषध कंपनीचं कॅलेंडर होतं. मूळ गाव विचारलं, आडनाव विचारलं, घरात देव आहेत का विचारलं. आहेत म्हटल्यावर म्हणाल्या, "मग आमच्या पोरीला सरस्वतीला लाथ मारायला कशाला शिकवताय?" मी म्हणाले, ती भक्तीने वाकत असती तर मीच तुमच्या घरी येऊन तिचं कौतुक केलं असतं, पण ती भीतीने वाकते. "बघू की," आज्जी म्हणाल्या आणि गेल्या. पुढच्या आठवड्यात भाजी घेताना एका अनोळखी बाईने मला विचारलं, तुमच्याकडे पोथीवर चप्पल ठेवायला लावतात म्हणे? मी म्हणाले, छे, पाचवीच्या गणितावर.

गणपती उठले आणि तेजू एकदम सुधारली. प्रश्न बंद, वाकणं बंद. सुनंदा धारवाडचे पेढे घेऊन आली आणि माझे हात धरून रडली. मी पेढा खाल्ला खरा, पण माझा विश्वास बसला नाही. माझ्या एवढ्या वर्षांत हा आजार असा सुखासुखी गेलेला मी बघितला नव्हता. बरं होणारं मूल लढून बरं होतं, घामाघूम होतं, मला शिव्या देतं. तेजू पुस्तकावर पाय ठेवून अशी निवांत उभी राहायची की जणू बसची वाट बघते आहे. भीती चढतच नव्हती. म्हणजे शंका कुठेतरी परस्पर मिटत होती, आणि कुणीतरी ती मिटवत होतं.

माझा पहिला संशय आज्जींवर. त्यांनी देवाची शपथ घेतली आणि मी ती खरी धरली, कारण देवाच्या बाबतीत त्या फसवणार नाहीत. मग सुनंदावर. ती बिचारी झोपेतसुद्धा 'असेल, नसेलही' म्हणत होती. तेजूला विचारलं तर छान वाटतं म्हणाली आणि वडिलांकडे बघितलं. वडील म्हणाले, सगळी तुमची कृपा, मॅडम. रंग जाणार नाही ना, असं विचारल्यावर कापडवाले ज्या गोड आवाजात बोलतात, तो हा आवाज होता. मी त्यांच्या दुकानात कधी साडी घ्यायची नाही असं त्याच वेळी ठरवलं.

नवरात्राच्या आधी सुरेशअण्णा खरेदीला सुरतेला गेले. दुसऱ्या दिवशी सुनंदाचा फोन आला. तेजू सकाळपासून उंबऱ्याजवळ बसून होती. येईल-जाईल त्याला, पडेल त्या वस्तूला नमस्कार करत होती, पूर्वीपेक्षा वाईट. आणि मधून मधून विचारत होती, अप्पांचा फोन का लागत नाही? अप्पा गाडीत होते, रेंज नव्हती. तिला उचलूनच माझ्याकडे आणलं. मी विचारलं, अप्पांचा फोन कशाला पाहिजे? ती म्हणाली, "ते विसरले तर?"

काय विसरले तर, हे तिने सांगितलं नाही. मीही ओढून काढलं नाही. मुलाच्या तोंडून काढून घेतलेलं गुपित पुढे उपयोगी पडत नाही, हे मी धारवाडच्या दिवसांतच शिकले होते.

आज्जींनी मला नवरात्रात हळदीकुंकवाला बोलावलं होतं. पेशंटच्या घरी जेवायचं नाही, सणाला जायचं नाही, असा माझा नियम. पण यावेळी मी गेले, आणि मुद्दाम उशिरा गेले, बायकांची गर्दी ओसरल्यावर. सुरेशअण्णा सुरतेहून परत आले होते आणि चटईवर बसून चहा पीत होते. तेजू प्रसादाच्या वाट्या नेत होती. जाताना तिच्या पायाचं बोट पितळी ताटाला लागलं. मला स्पष्ट दिसलं. तिने ताटाकडे बघितलंसुद्धा नाही. ती वडिलांच्या मागून गेली आणि जाता जाता त्यांच्या पाठीवर हलकीच थाप मारली. त्यांनी कप खाली ठेवला आणि उठून देवघरात गेले. परत येऊन कप उचलला. थोड्या वेळाने तिचा पाय माझ्या पर्सला लागला, किंवा तिला तसं वाटलं असेल. पुन्हा पाठीवर थाप, पुन्हा अण्णा आत. त्या माणसाचा चहा गार झाला, पण उठणं संपेना. घरात सगळ्यांच्या देखत चाललं होतं आणि कुणाला दिसत नव्हतं. मुलगी बापाला खो देत होती. तिची शंका घेऊन तो पळत होता.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला चला म्हटलं. ते काय ते समजले. खोटं बोलले नाहीत.

"माझ्या टायफॉईडच्या वेळी आमच्या वडिलांनी सौंदत्तीचा डोंगर चढला, माझ्या नावाने," ते म्हणाले. "माझा नवस, पाय त्यांचे. यल्लम्माला चाललं. मग तेजूचे नमस्कार मी केलो तर काय चुकलं, मॅडम?"

मी विचारलं, जिन्याचं तुम्हाला कुठून माहीत?

ते फाटकाची कडी हातात धरून उभे राहिले. दुकान वरच्या मजल्यावर होतं तेव्हापासून, म्हणाले. कुलूप लावायचं, जिना उतरायचा, पुन्हा चढायचं, ओढून बघायचं. तेजूच्या वयापासून हेच. बायकोला माहीत नाही, आईला माहीत नाही. बाजारात म्हणतात, सुरेशअण्णा लई जपणारा माणूस. "मला सवय आहे हो ओझ्याची. तिचंपण माझ्यावर टाकलो. पोरगी तरी मोकळी होईल."

मला त्या माणसाचा राग आला आणि त्याच वेळी त्याच्या पाठीवर हात ठेवावा असंही वाटलं. दोन्ही केलं नाही. मी म्हणाले, अण्णा, ती मोकळी झाली नाही. ती एवढंच शिकली की नमस्कार द्यायलाच पाहिजे होता, तो तुम्ही दिलात म्हणून वाचली. तुम्ही सुरतेला गेलात तर ती उंबऱ्यापाशी अडकली. तुम्ही कायमचे गेलात तर कुठे अडकेल? त्यांनी कडी दोनदा उघडून लावली. मग विचारलं, "मी काय करायचं?" मी म्हणाले, काही करायचं नाही. ते आजवर तुम्ही कधी केलेलं नाही, म्हणून जड जाईल.

सुट्टी संपायला थोडेच दिवस होते. दुकान बंद असतं त्या दिवशी आम्ही तिथे जमलो, मी, तेजू आणि तिचे अप्पा. सुनंदा पायरीवर बसली. कापडाच्या दुकानात मोजायची पट्टी म्हणजे देव. ही तर पणजोबांची पितळी पट्टी, नुकतीच खंडेनवमीला पूजा झालेली, हळदीकुंकू तसंच होतं. उपचारातली सगळ्यात वरची पायरी ही पट्टीच, हे तेजूनेच सांगितलं होतं. अण्णांनी पट्टी गादीवर ठेवली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना सांगितलं, तुमचे हात आहेत तिथे राहिले पाहिजेत. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसले. एवढा मोठा व्यापारी माणूस, स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या हातांवर बसलेला. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

तेजूने पट्टीवर पाय ठेवला. मी आधी लिहिलं होतं, अंगठा लावला. तिची दुरुस्ती ती हीच: "अंगठा नव्हे, अख्खा पाय."

मी मुलीकडे बघतच नव्हते. मी अण्णांच्या कोपरांकडे बघत होते.

तिने पाय काढला, वडिलांच्या मागे गेली आणि पाठीवर थाप मारली. अण्णा उठले नाहीत. तिने पुन्हा मारली. मग मोठ्याने "खो" म्हणाली. ते बसून राहिले. तिने दोन्ही हातांनी त्यांच्या पाठीवर मारायला सुरुवात केली. पायरीवरून सुनंदा उठली, मी तिला हातानेच बसायला सांगितलं. तेजूचा आवाज फाटला.

"अप्पा, तुम्ही केलासा?"

"नाही केलो."

"मनात?"

हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. हात बांधता येतात, मनाचं काय? अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"मनातपण नाही केलो."

"मग आता काय होणार?"

"काय तरी होईल, नाहीतर काय होणार नाही," ते म्हणाले. "मला ठाऊक नाही, तेजू."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात खाली अडकलेले, त्यामुळे पुसता येत नव्हतं. ते हनुवटीवरून सदऱ्यावर पडत होतं. तेजू त्यांच्या पाठीला डोकं टेकून रडली, थरथरली, मला नको नको ते बोलली. मी घड्याळाकडे बघितलं नाही. पंखा फिरत होता. हळूहळू तिचा श्वास खाली आला. पट्टी तिथेच होती, दुकान तिथेच होतं, बाप तिथेच होता. बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं आणि विचारलं, कोपऱ्यावरचा चुरमुऱ्यांचा गिरमिटवाला आला असेल काय? मला तेव्हा रडू आलं. मी पर्समध्ये चष्मा शोधायला लागले, जो माझ्या नाकावरच होता.

पुढे सगळं सरळ झालं असं नाही. ती घसरली, चढली, पुन्हा घसरली. पण सुट्टीनंतर वर्गात बसली आणि वर्ष वाचलं. अण्णांना मात्र मी स्वतःसाठी या म्हणून किती वेळा सांगितलं, त्याला गणती नाही. बघू की, मॅडम, एवढंच उत्तर. एकदा ते गाल धरून जिन्यापाशी दिसले. मी वर चहा ठेवायला सांगितला. पण त्यांची खरोखरच दाढ दुखत होती, ते खालीच थांबले. याची रुखरुख मला अजून आहे. मुलीला बरं करताना बापाचा आजार समोर उघडा पडला होता आणि मी त्याला जिना चढवू शकले नाही.

पुढच्या वर्षी तेजूला संघात परत घेतलं. शाळांच्या सामन्याला तिने मला बोलावलं. मैदानावर गेले तर दोरीपाशी सुरेशअण्णा उभे, दोन्ही हातांत चहाचे कागदी कप, काठोकाठ भरलेले. मला बरं वाटलं. थँक्यू अण्णा म्हणून मी एक कप घ्यायला हात पुढे केला, तर ते चक्क मागे सरकले.

"हा नको, मॅडम," ते म्हणाले. "दोन्ही माझेच आहेत."

मी काही विचारणार तेवढ्यात मैदानात आरडाओरड झाली. तेजू पळत होती. वळताना तिचा पाय बसलेल्या एका मुलीच्या गुडघ्याला लागला, जोरात, आम्हाला दोरीपासून दिसलं. ती अडखळली. पाय लागून अडखळली की शंकेने, ते मला सांगता येणार नाही. मग ती पळाली, मागे वळून न बघता. माझी नजर सवयीने बापाच्या हातांकडे गेली. गरम चहा बोटांवर सांडत होता आणि त्यांनी कप खाली ठेवले नाहीत.

मनात केला का नमस्कार, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही.